उन्हासाठी बाह्या

संध्या पगारेच्या अंगावर कोड उठलं तेव्हा ती सातवीत होती. आधी कोपरांवर, मग दोन्ही दंडांवर, मग मानेवर. हे कुणाला लागत नाही, यानं काही दुखत नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तरी तिच्या आईनं, शकुबाईनं, तिच्या सगळ्या कपड्यांना मनगटापर्यंत बाह्या लावून आणल्या. शाळेत, लग्नाकार्यात, विहारात, भर मे महिन्यातसुद्धा संध्या बंद गळ्यात आणि पूर्ण बाह्यांत.

पुढे एकदा तिला बघायला पाहुणे आले. मुलाची आई चहा पिता पिता म्हणाली, "बाही जरा वर कर बघू."

संध्यानं बाही वर केली. बाईंनी अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि त्या उठल्या.

त्याच दिवशी संध्यानं कपाट उघडून सगळ्या कुर्त्यांच्या बाह्या कापून काढल्या. शकुबाई कात्री हिसकावायला धावली, तर संध्या म्हणाली, "आता लोकांनी रस्त्यातच बघून घ्यावं. घरापर्यंत यायचा त्रास नको त्यांना."

त्यानंतर तिनं अंगाला बाही लावली नाही. नाशिकरोडला सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागली, तिथंही तशीच. उन्हाळ्यात शहरातल्या सगळ्या बाया स्कूटीवर सनकोट चढवून, स्कार्फ गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून जातात. त्यांच्यामधून संध्या उघड्या दंडांनी जायची. स्कार्फ बांधला तर लोक म्हणतील, लपवतेय. ते तिला सोसणारं नव्हतं.

मासे धरायचा नाद तिला वडिलांकडून आला. ते सायखेड्याला गोदावरीच्या काठावर गळ टाकून बसत आणि तिला शेजारी बसवत. ते गेल्यावर गळ तिच्याकडे आला, पण काठावर बसून तिचं समाधान होईना. धरणाकाठचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा त्यांची जुनी कयाक तिनं विकत घेतली. एका माणसापुरती, वरून उघडी, अरुंद होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. मच्छीमार सोसायटीचा पास काढला. धाकटा भाऊ धम्मपाल मनमाडला रेल्वेत होता. तो रविवारी यायचा, कयाक गाडीच्या टपावर बांधून धरणावर न्यायचा आणि स्वतः झाडाखाली झोपायचा. संध्या पाण्यात. तिथं तिच्याकडे बघायला कोणी नसे. हा तिचा आठवड्यातला सगळ्यात चांगला वेळ.

एप्रिलमधल्या एका रविवारी मरळ गळाला लागत होती म्हणून ती दुपारपर्यंत पाण्यात राहिली. घरी आली तोवर दंड लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कातडीवर फोड आले. हनुवटीखालीसुद्धा आले, कारण पाण्यावरून उलटलेलं ऊन खालून लागतं, हे तिला माहीत नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टर अंजलीबाईंनी मलम लिहून दिलं आणि सांगितलं, "पांढऱ्या जागेला उन्हापासून स्वतःचं काही संरक्षण नसतं, संध्याताई. पाणी सोडा, नाहीतर अंग झाका."

शकुबाई बरोबरच होती. रिक्षात बसल्या बसल्या ती म्हणाली, "मी काय सांगत व्हते इतकी वर्सं? घाल आता अंगभर."

"तू लोकांसाठी सांगत होतीस."

"लोकांसाठी का उन्हासाठी, बाही ती बाहीच हाय ना."

संध्याला राग आला, आणि त्या रागात तिनं पाण्यावर जाणंच बंद केलं. कयाक जिन्याखाली उभी राहिली. रविवारी ती उगाच कपाटं आवरायची, धम्मपालशी धड बोलायची नाही.

शेवटी तोच म्हणाला, "ताई, तू लाइफ जॅकेट घालतेस ना? तसाच शर्ट समज."

"लाइफ जॅकेट घाल म्हणून आत्यानं मला कधी टोचलं नाही. बाह्यांवरून मात्र दर लग्नाकार्यात टोचलं."

तो हसला. ती हसली नाही. पण थोड्या वेळानं ती जिन्याखाली गेली, कयाकवरची धूळ पुसायला लागली आणि तिथूनच म्हणाली, "लोकांवर रागावून मी पाणी सोडायचं? म्हणजे पुन्हा त्यांचंच झालं. तुझा एखादा शर्ट दे."

धम्मपालचा पांढरा सुती शर्ट पातळ होता. वल्ह्याच्या पाण्यानं भिजून तो अंगाला चिकटला आणि खांदे त्याच्यातूनही भाजले. पुढच्या वेळी शकुबाईनं हौसेनं सनकोट आणून दिला. तो वाऱ्यानं फुगायचा, बाहीत पाणी साचायचं, आणि फेकताना गळाचा आकडा कोटाच्याच काठात अडकला. संध्यानं तो आईला परत दिला. "स्कूटीवर ठीक आहे हा," एवढंच म्हणाली.

मग ती मेन रोडवरच्या खेळाच्या कपड्यांच्या दुकानात गेली. विक्रेत्यानं तिचे हात पाहिले आणि न विचारता कातडीच्या रंगाच्या बाह्यांचा गठ्ठा काढला. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, या घाला. डाग अजिबात दिसणार नाहीत."

संध्या मात्र मोठ्यानं बोलली. "डाग दिसू देत. ऊन आत यायला नको. घट्ट विणीचं दाखवा, लवकर वाळणारं."

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिनं एकेक शर्ट दारात नेला, आत हात घालून उन्हासमोर धरला. बोटं दिसली की परत. फिकट रंगाचे बहुतेक परत गेले. शेवटी गडद नारिंगी शर्ट ठरला. बाह्या मनगटाच्या पुढे अंगठ्यात अडकणाऱ्या, कॉलर उभी करता येणारी. काठावरून धम्मपाललाही दिसेल असा रंग. बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घेतले, गळ्यापासून नाकापर्यंत ओढायचा नळीसारखा रुमाल घेतला, आणि हनुवटीखाली दोरी असलेली रुंद काठाची टोपी.

"चेहऱ्यासाठी अजून काही?" विक्रेत्यानं विचारलं.

"चेहरा माझा मी बघेन."

पावसाळा सरल्यावर धरणावर गळवाल्यांचा मेळावा भरला. मासा मोजून, फोटो काढून परत पाण्यात सोडायचा, असा नियम. कयाकवाल्यांत बाई एकटीच होती. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं, तरी संध्या सगळा वेळ पाण्यात टिकली आणि एक दांडगी मरळ घेऊन काठाला आली. मांडवात माप घेतलं. तिसरा नंबर.

संयोजक खंडेराव कॅमेरा घेऊन आले. तोवर संध्यानं टोपी काढली, रुमाल उतरवला आणि शर्टाची चेन उघडली. आत बिनबाह्यांचा बनियन होता. तिचे दंड पाहून खंडेराव थबकले.

"शर्ट असू द्या की, ताई. फोटोत छान दिसतो."

"इथं सावली आहे," संध्या म्हणाली. "शर्ट उन्हासाठी आहे."

"तसं नाही, फोटो ग्रुपवर सगळीकडे जातो, म्हणून म्हटलं."

"जाऊ द्या ना सगळीकडे. काढा लवकर, मासा पाण्याबाहेर आहे."

खंडेरावांनी फोटो काढला. तिनं मरळ पाण्यात नेऊन सोडली, शर्ट पुन्हा चढवला आणि कयाक उचलायला धम्मपालला हाक मारली.

घरी आल्यावर कळलं की पावलं भाजलीत. सगळं अंग झाकलं, आणि कयाकमध्ये लांब पसरलेले पाय तसेच उघडे राहिले. शकुबाई कोरफडीचा गर लावायला बसली. तेवढ्यात आत्याचा फोन आला. आत्याला शकुबाई आक्का म्हणते. फोटो आत्याच्या गावापर्यंत पोचला होता. शकुबाईनं फोन कानाला लावला, तर उघडे दंड सगळ्या गावानं बघितले म्हणून आत्या तिकडून बोलत सुटली. संध्यानं पाय मागे घेतला. तो शकुबाईनं धरून पुन्हा मांडीवर ओढला.

"आक्का," ती म्हणाली, "कोड तर ती सातवीत असल्यापास्नं हाय. त्यात नवं काय? मरळ बघितली का तुमी? लय मोठी हाय. ती बघा आधी."

फोन ठेवून तिनं दुसऱ्या पावलाला गर लावला आणि विचारलं, "पायात घालायला काय मिळतं का गं त्या दुकानात?"