तिसरा ठोका

मोरारिया या जुन्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत पर्यटकांना किल्ल्या देणं आणि ते गेले की चादरी बदलणं, हे माझं काम. मी सांभाळते त्या इमारतीत पाच घरं, त्यातली चार आता पाहुण्यांची झाली आहेत. पाहुणे तीन दिवस राहतात, खिडकीबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढतात आणि जातात. ते कपडे दुसऱ्या मजल्यावरच्या एर्मेलिंदामावशीचे. तिचे लोकरी मोजे अर्ध्या जगाने पाहिले असतील.

मावशी ब्याऐंशी वर्षांची. आयुष्यभर एका शिंप्यासाठी काजं-बटणं केली, तोंड मात्र कधी शिवून घेतलं नाही. तिच्या डोक्यावरच्या घरात ग्रासिएत राहायची. ती मासळीवाली, आवाजाने सगळी गल्ली जागी करणारी. सव्वीस वर्षांपूर्वी मावशीचा नवरा गेला, तेव्हा मावशी दार लावून दोन दिवस न खातापिता पडून राहिली. ग्रासिएतने खांद्याने दार मोडलं आणि बजावलं, "उद्यापासून कॉफी ठेवलीस की झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकायचं. नाही ठोकलंस तर पुन्हा दार मोडीन, आणि सुतार तू बोलवायचास."

तेव्हापासून रोज सकाळी सातला खालून दोन ठोके आणि वरून टाचेचे तीन. पुढे ग्रासिएतची कंबर धरली आणि तिसरा ठोका जरा उशिरा पडू लागला. मावशी तोवर कप हातात धरून थांबायची. तिसरा पडला की मगच पहिला घोट.

मग इमारत विकली गेली. नव्या मालकाने ग्रासिएतचा भाडेकरार वाढवला नाही. ती नदीपलीकडे बारेइरूला मुलाकडे गेली आणि तिच्या घरात पांढरा सोफा आला. मावशीचा करार जुना, कायद्याने तिला हलवता येत नव्हतं. ती ठोकतच राहिली.

"वर कोण बसलंय उत्तर द्यायला?" मी विचारायची.

"कोणी नाही. पण हात ऐकत नाही गं, ओदेत."

रविवारी दोघी फोनवर तासभर सुनांची उणीदुणी काढायच्या. पण फोन ठेवला की मावशी छताकडे बघत बसायची. मला ते बघवायचं नाही.

पाहुण्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. भल्या सकाळी जमिनीखालून आवाज येतो म्हणे. मालकाने मला झापलं आणि मी तो राग तसाच घेऊन मावशीकडे गेले. "मावशी, माझं काम जाईल. चालेल तुला?"

तिने झाडू माझ्या हातात दिला. "घेऊन जा. घरात राहिला तर मी ठोकीन."

मी नेला. आजही त्याची लाज वाटते.

नोव्हेंबरात, गल्लीत चेस्टनट भाजल्याचा धूर भरलेला असताना, वरच्या घरासाठी एका रात्रीचं बुकिंग आलं. संध्याकाळी किल्ली घेऊन गेले, तर इमारतीच्या दारात काठी टेकून ग्रासिएत उभी, मागे बॅग घेऊन मुलगा. ऐंशीव्या वाढदिवसाला काय हवं, असं त्याने विचारलं, तर ही म्हणाली, माझ्या घरातली एक सकाळ.

"एर्मेलिंदाला सांगू नकोस," ती मला म्हणाली. "सकाळी ती ठोकणार आणि मी उत्तर देणार. म्हातारी कॉफी सांडेल."

तिला वर चढायला वीस मिनिटं लागली. झाडूचं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं, पण हिंमत झाली नाही.

सकाळी पाव घेऊन गेले. ग्रासिएत स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, पायात जाड टाचेचे बूट, केस विंचरलेले. सात वाजले. सात पाच झाले. सात दहा झाले. तिचा चेहरा उतरत गेला.

"ओदेत, ती ठोकत नाहीये. बरी आहे ना?"

"बरी आहे. झाडू मी काढून घेतला," मी म्हणाले.

तिने मासळीबाजारातली एक शिवी मला हासडली, टेबल धरून उभी राहिली आणि टाच उचलली. एक. दोन. मग कितीतरी वेळाने तीन.

खाली कप फुटला. मग छत बडवल्याचा आवाज सुरू झाला. दोन ठोके नव्हेत, मोजता न येण्याइतके. आणि मग जिन्यावर सपाता वाजल्या.

दारात मावशी, हातात मोठी पळी. "बये, इतका उशीर?"

"आवाज कमी कर. पाहुणी आहे मी इथे, अकराला खोली सोडायचीय."

दोघी हसल्या, आणि हसताहसताच रडायला लागल्या. मी पाव कापत राहिले.

अकराला किल्ली मलाच परत घ्यावी लागली. जाण्याआधी ग्रासिएतने पाहुण्यांच्या वहीत लिहिलं: खाली माझी मैत्रीण राहते. सकाळी सातला ती दोनदा ठोकेल. टाचेने तीनदा उत्तर द्या. तिने ठोकलं नाही, तर लगेच खाली जा.

झाडू मी त्याच दिवशी परत दिला. ते पान चार भाषांत करून वरच्या फ्रिजवर लावलंय. मालकाला कळेल तेव्हा बघू.

पाहुणे आता उत्तर देतात. काही जण खाली कॉफीलाही जातात. परवा मी मावशीला विचारलं, "काय गं, आजचे कसे होते?"

"चांगले होते. अगदी नीट दिले तिन्ही." तिने कप ओठाशी नेला आणि थांबली. "पण या सगळ्यांचा तिसरा ठोका वेळेवर पडतो गं."