आल्विन अंकलचा म्यूट केलेला चॅनेल

"स्टीलचा चॅनेल म्यूट कर," केदार म्हणाला. "हॉलमध्ये ट्रॅक जाऊ दे."

शनिवार, सकाळचे अकरा. अबुधाबीतल्या एका हॉटेलची बॉलरूम. एका तेल कंपनीचा फॅमिली ब्रंच तासाभरावर आला होता. मी साउंड इंजिनिअर. स्टेजवरचा प्रत्येक आवाज माझ्या मिक्सरमधून हॉलमध्ये जातो. केदार आमच्या इव्हेंट कंपनीचा मॅनेजर, पुण्याचा. त्याला संगीतातलं किती कळतं ते ओघात येईलच. पण कशाला थांबा, काही कळत नाही.

स्टील म्हणजे पेडल स्टील गिटार. टेबलासारखी आडवी ठेवतात. एका हाताने तारांवर पोलादी कांडी सरकवायची, पायाने पेडल दाबून सूर ओढायचा. ती वाजवणारे आल्विन अंकल, वसईचे, वय चौसष्ट. तरुणपणी मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत हवाईयन गिटार वाजवायचे, मग तीस वर्षं गल्फच्या हॉटेलांत. हॉटेलशी त्यांचा करार त्या महिन्यात संपत होता. तो वाढवायचा की नाही, ते हॉटेलचा रामी नावाचा लेबनीज मॅनेजर त्या दिवशी ऐकून ठरवणार होता. करार नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर वसई.

कंपनीत अमेरिकन बरेच, म्हणून साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकचा कार्यक्रम होता. सायकेडेलिक रॉक म्हणजे फाटलेला आवाज, घुमणारा एको, सूर गरगर फिरतोय आणि जमीन लागत नाही. काही वर्षांनी ते वाजवणाऱ्या पोरांनाच त्या गरगरीचा कंटाळा आला. ते अमेरिकेतल्या जुन्या गावाकडच्या गाण्यांकडे वळले. फिडल आणली, बँजो आणला, स्टील आणली, ड्रम मात्र रॉकचेच ठेवले. ते झालं कंट्री रॉक.

"लोकांना वाटतं एक मेलं न् दुसरं जन्माला आलं," अंकल मला रिहर्सलला म्हणाले होते. "तसं नाय बाय. माणसं तीच. त्यांनी फक्त एकेक डबी बंद केली."

डबी म्हणजे पायाशी ठेवलेला इफेक्ट, आवाज फाडणारा किंवा घुमवणारा. अंकलनी या डब्यांवर एक लांब तुकडा बसवला होता. सुरुवातीला तीन डब्या चालू, आणि स्टील ओळखूही येत नाही. मग एकेक बंद. शेवटी नुसती तार आणि कांडी. दहा मिनिटांत सगळा इतिहास, आणि एक शब्द न बोलता.

"अंकलना सांगितलंस का ट्रॅकचं?" मी विचारलं.

"कशाला? स्टीलला सूर अडवणारे पडदे नसतात. सूर इकडेतिकडे गेला तर क्लायंट मला धरणार. कीबोर्डवर आधीच रेकॉर्ड करून घेतलंय, एकदम क्लीन. त्यांच्या मॉनिटरमध्ये त्यांचंच वाजू दे, पता भी नहीं चलेगा. यल्ला, शिल्पा, टाइम नाहीये."

मॉनिटर म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर. त्याला आपलं वाजणं त्यातूनच ऐकू येतं. त्यात काय सोडायचं ते मी ठरवते.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्यूट दाबलं. हे लिहिताना अजून माझं डोकं फिरतं, आणि त्यातला अर्धा राग माझ्यावरच आहे.

ब्रंच रंगात आल्यावर तुकडा सुरू झाला. माझ्या हेडफोनमध्ये अंकल होते, हॉलमध्ये कीबोर्डचा गुळगुळीत पाक. अंकलनी पहिली डबी बंद केली आणि मान वर करून हॉलकडे पाहिलं. आपल्या हातचं वाढून पाहुण्याच्या पहिल्या घासाकडे बघावं, तसं. कुणी ताटातून डोकं वर काढलं नाही. काढणार कसं? त्यांना काही बदललेलं ऐकूच गेलं नव्हतं. दुसरी डबी बंद केली तेव्हा अंकलचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपलंच चुकतंय.

तेव्हा मी त्यांचा चॅनेल उघडला. पण ट्रॅक बंद केला नाही. ड्रमर ट्रॅकच्या ठोक्यावर वाजवत होता, बँड कोसळेल अशी भीती वाटली. अर्धवट धाडस हे भित्रेपणाहून वाईट असतं. हॉलमध्ये दोन स्टील एकदम वाजू लागल्या, एकमेकींपासून केसभर सरकलेल्या. सात-आठ सेकंद कानात काचा गेल्यासारखं झालं. दारापाशी उभ्या रामीने तोंड वाकडं केलं.

मग मी ट्रॅक बंद केला. बँड कोसळला नाही. ड्रमरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ठेका धरून ठेवला. अंकलनी शेवटची डबी बंद केली. पुढची दोन मिनिटं हॉलमध्ये काट्याचमच्यांचा आवाज नव्हता.

पण रामीचा निकाल आधीच लागला होता. "आउट ऑफ ट्यून, हबीबी. खलास," तो केदारला म्हणाला. केदारने मान डोलावली.

"चूक अंकलची नाही. ट्रॅक चालू होता. म्यूट मी केलं होतं, याने सांगितल्यावर," मी इंग्रजीत रामीला म्हणाले, चारचौघांत.

रामीने घड्याळ पाहिलं. "इन्शाल्ला, नेक्स्ट टाइम," म्हणाला आणि गेला.

"शिल्पा, डोन्ट टेक इट पर्सनली," केदार म्हणाला. त्याच्या डोक्यात माइकचा स्टँड घालावा असं मला मनापासून वाटलं.

अंकल कांडी पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कांडी खाली ठेवली.

"म्हणजे मी डबी बंद केली तेव्हा बाहेर काहीच गेलं नाय?"

"नाही, अंकल."

"मॉनिटरमध्ये मस्त येत होतं गो," ते म्हणाले. "माझं मलाच ऐकवत बसवलंस."

महिनाअखेर ते वसईला गेले. मी ती कंपनी सोडली. आता कुणाचा चॅनेल म्यूट करायचा असेल तर आधी स्टेजवर जाऊन त्या माणसाला तोंडावर सांगते. चारपैकी तीन वेळा मॅनेजर स्वतःच म्हणतो, राहू दे. तोंडावर सांगायची वेळ आली की ट्रॅकची गरज आपोआप संपते.

केदारने त्या ब्रंचची क्लिप कंपनीच्या पेजवर टाकली आहे. नेमकी शेवटची दोन मिनिटं. वर लिहिलंय, 'हंड्रेड पर्सेंट लाइव्ह'. त्या माणसाने केलेलं तेवढंच एक खरं विधान.