अंगठ्याने मोजलेली सात भोकं

मापाडी हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे आणि तिथेच पडून राहिलेलं बरं, कारण त्या नावाने हाक मारली तर तो मान वळवूनही बघत नाही. गोदामात त्याला सगळे मापाडी म्हणतात. घरी बायकोही तेच म्हणते, फक्त तिच्या तोंडून ते ऐकताना चिमटा काढल्यासारखं वाटतं.

त्याचं काम काय, ते आधी सांगायला हवं, कारण बाहेरच्या कोणाला ते काम आहे असंच वाटत नाही. गोदामात माल येतो तो लाकडी पॅलेटवर बसून. एका पॅलेटवर दुसरं चढवलं की जागा वाचते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण खाली काचेच्या दिव्यांची खोकी आणि वर वॉशबेसिनं असा संसार मांडला, तर संध्याकाळी खाली केर भरण्यापलीकडे काम उरत नाही. म्हणून टेकू. खालच्या पॅलेटच्या चार कोपऱ्यांवर चार लोखंडी टेकू उभे करायचे आणि वरचं पॅलेट त्यांच्या डोक्यावर ठेवायचं. ओझं टेकूंवरून खाली उतरतं, मधल्या काचेला त्याचा वाराही लागत नाही.

टेकू म्हणजे नळीत नळी. आतल्या नळीला वरपासून खालपर्यंत भोकं. ती हवी तेवढी वर ओढायची, मोजून एका भोकात जाड खिट्टी आरपार घालायची, की टेकू तेवढ्याच उंचीवर थांबतो. माल बुटका असला तर चार भोकं, उंच असला तर नऊ. चारही टेकू सारखे उंच हवेत, बस्स. चार माणसांचं एकमत करण्यापेक्षा हे सोपं, असं मापाडी म्हणायचा, आणि गोदामातल्या चहाच्या टेबलाशी बसलेल्या कोणालाही ते पटायचं.

मोजायचा कसा, तर डोळे मिटून. उजव्या हाताचा अंगठा नळीवरून खाली सरकायचा, ओठ न हलवता मोजणी व्हायची आणि खिट्टी खटकन बसायची. नवीन आलेले लोक थांबून बघतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून कोणी बघत असलं की डोळे जरा जास्तच घट्ट मिटायचा. पण नुसता देखावा नव्हता तो. अंगठ्याला भोकाची झिजलेली कड कळायची, नळीला आलेला बाक कळायचा, दोन भोकांमधलं अंतर केसभर चुकलं तरी कळायचं. चौथी खिट्टी बसली की तो दोन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, "टेक!" मग फोर्कलिफ्टवाला वरचं पॅलेट खाली घ्यायचा. बत्तीस वर्षांत एकही थप्पी कलली नव्हती आणि त्या एका शब्दाला कोणी "का" म्हणून विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची सून फोर्कलिफ्ट चालवायला त्याच गोदामात आली. गल्लीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मापाडी सांगत फिरायचा की आपण शब्द टाकला म्हणून नोकरी लागली. खरी गोष्ट अशी, की अकरा जणांत ती परीक्षा पहिल्या नंबराने पास झाली होती आणि सासऱ्याचं नाव तिने अर्जात कुठेच लिहिलं नव्हतं. मुलगा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे सासरा आणि सून रोज एकाच बसने यायचे, मध्ये एक सीट रिकामी ठेवून.

पहिल्याच दिवशी त्याने करार केला होता. "हे बघ, गोदामात मी तुझा मामंजी नाही. तिथे मी मापाडी आणि तू ड्रायव्हर."

"चालेल," ती म्हणाली होती. "मग घरी मला गाडी कशी चालवायची ते शिकवायचं नाही."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

आता दुखणं. गेल्या काही महिन्यांपासून मापाड्याचा अंगठा बधिर व्हायला लागला होता. आधी मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या. सकाळी शर्टाचं वरचं बटण लागेना, तर तो म्हणायचा, उकडतंय, राहू दे. चष्मा लागला असता तर त्याने चारचौघांत मिरवला असता, पण अंगठा! गवयाचा गळा बसला तर तो गावभर सांगत फिरेल का? मापाडीही बोलला नाही. अंगठ्याऐवजी त्याने नखाने मोजायला सुरुवात केली. नख भोकात अडकलं की एक, पुढच्यात अडकलं की दोन. भोकं मोजली जायची, एकही चुकत नव्हतं. दोन भोकांमधलं अंतर मात्र नखाला कळत नाही.

गोदामाच्या मागे वेल्डरची शेड आहे. टेकू तोच बनवतो. मापाडी आणि वेल्डर यांची तीस वर्षांची दोस्ती म्हणजे तीस वर्षांचं भांडण. एक दिवस भांडले नाहीत तर लोक विचारायचे, कोण आजारी आहे? वेल्डरचं तोंड म्हणजे गोदामाचा रेडिओ, बंद करायचं बटण नसलेला. या वेल्डरचा भोकं पाडायचा जुना साचा तुटला. त्याने नवा केला, पण तो बेतताना हिशोब हुकला आणि दोन भोकांमधलं अंतर जवभर कमी पडलं. बारा टेकू झाल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. लोखंड फुकट घालवायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने त्या बाराही टेकूंच्या गळ्याशी लाल पट्टा ओढला आणि मापाड्याला बजावलं.

"लाल गळ्याचे चार एकत्र वापर. जुन्यात मिसळू नकोस. एका भोकाला जवभर फरक, पण सातव्या भोकापर्यंत जाताना बोटभर होतो."

"रंग भिंतीला लाव," मापाडी म्हणाला. "मला काय सांगतोस? माझा अंगठा बघेल."

"अंगठ्याला डोळे फुटले वाटतं!"

"तुझ्या डोळ्यांपेक्षा बरे."

हे बोलणं झालं तेव्हा शेडमध्ये दोघंच होते, तिसरं कुत्रंसुद्धा नव्हतं. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

तो दिवस साधाच होता. अकराच्या सुमाराला खाली काचेचे दिवे, वर वॉशबेसिनं अशी थप्पी लावायची होती. मापाड्याने ढिगातून चार टेकू उचलले, कोपऱ्यांवर उभे केले, डोळे मिटले आणि नखाने मोजून चौघांनाही सातव्या भोकात खिट्ट्या घातल्या. दोन पावलं मागे सरला.

"टेक!"

सून वॉशबेसिनांचं पॅलेट घेऊन आली, थप्पीवर आणलं, हळूहळू खाली घेतलं आणि टेकूंच्या डोक्यांपासून बोटभर वर थांबली. मग केसाकेसाने आणखी खाली. मग थांबली ती थांबलीच.

"टेक म्हटलं ना!"

"तिन्हींना लागतंय. डावीकडचा पुढचा टेकू लागत नाही."

"चारही सातव्यावर आहेत. घे खाली."

"नाही घेणार."

आजूबाजूची कामं थांबली. खोकी चिकटवणाऱ्या बाईच्या हातातली पट्टी अर्ध्यावर राहिली. मापाड्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याच्याच घरात त्यालाच चप्पल बाहेर काढ म्हणून सांगितलं.

"ड्रायव्हर," तो हळू आवाजात म्हणाला, "बत्तीस वर्षांत मला कोणी नाही म्हटलेलं नाही."

"मामंजी," सून म्हणाली. गोदामात पहिल्यांदाच म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "खाली घेतलं तर सगळं ओझं तिघांवर जाईल आणि थप्पी माझ्या अंगावर येईल. तुम्ही या बाजूने येऊन बघा. मी अशीच धरून बसते."

तो गेला. पॅलेट आणि टेकू यांच्यामध्ये बोटभर फट होती आणि फटीतून पलीकडच्या खिडकीतला उजेड दिसत होता. त्याने घाईघाईने मोजलं. सात. दुसऱ्या टेकूची मोजली, तीही सात. मग त्याची नजर गळ्यावर गेली. धुळीखाली लाल पट्टा होता. बाकीच्या तिघांवर नव्हता. त्याने अंगठा दोन भोकांच्या मधून दाबून फिरवला, पुन्हा फिरवला. काही नाही. नळीवर मापाड्याचा अंगठा फिरत होता की दुसऱ्या कोणाचा, हेसुद्धा त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात मुकादम आला. मुकादम म्हणजे ओरडताना अत्यंत सभ्य शब्द वापरणारा माणूस. शिव्या देणारा परवडला. त्याने सुनेला पॅलेट बाजूला जमिनीवर उतरवायला लावलं, दोन टेकू शेजारी शेजारी उभे केले आणि फरक बघितला.

"वेल्डर महाशयांना बोलवा," तो म्हणाला.

वेल्डर हात पुसत आला.

"हे आपलंच काम ना?" मुकादमाने विचारलं. "दोन प्रकारची भोकं पाडलीत आणि कोणाला सांगायची तसदीही घेतली नाहीत? आज एका बाईच्या अंगावर आठशे किलो आलं असतं. शेड रिकामी करा. टेकू आपण बाहेरून घेऊ."

वेल्डरने मापाड्याकडे बघितलं. एवढंच. ज्या माणसाने शेजारणीच्या मांजरीच्या भानगडीसुद्धा पोटात ठेवल्या नाहीत, तो आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभा राहिला.

मापाड्याने नुसतं उभं राहायचं होतं. एक शब्द खर्च करायची गरज नव्हती. मोजणी त्याची बरोबर होती, सात म्हणजे सातच, आणि चूक लोखंडातली होती. मान खाली घालून चहाला गेला असता, तर बत्तीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. तो उजव्या हाताने खिट्टी फिरवत राहिला आणि ती हातातून पडली. पडल्याचं त्याला आवाजावरून कळलं.

"त्याने सांगितलं होतं," मापाडी म्हणाला.

"काय?"

"लाल गळ्याचे वेगळे ठेव म्हणून. मीच म्हटलं, रंग भिंतीला लाव." त्याने हात पुढे केला. "या अंगठ्याला काही कळत नाही आता. चार-पाच महिने झाले. पूर्वी कळलं असतं. नखाने मोजतोय मी."

वेल्डरचा रेडिओ लागलीच सुरू झाला: "तरी मी म्हणतच होतो! मागच्या आठवड्यात बिडी उलटी पेटवलीस आणि म्हणालास वारा आहे!"

सगळे हसले, मापाडी सोडून. तो सुनेकडे वळला. "तुला कसं कळलं? केबिनमधून बोटभर फट दिसत नाही."

"शोधली तर दिसते. दोन महिने प्रत्येक थप्पीवर बोटभर वर थांबून बघतेय." ती जरा ओशाळली. "सासूबाईंनी सांगितलं होतं. तुम्ही चुलीवरचं गरम पातेलं नुसत्या हाताने उतरवलंत आणि कळलंच नाही तुम्हाला. त्या म्हणाल्या, त्यांना बोलू नकोस, तू तेवढी सांभाळून उतरव."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि हा एकटाच लपवून बसला होता. मापाड्याला राग यायला हवा होता. आलाही, पण नक्की कोणावर काढावा ते ठरेना, आणि तोवर विरून गेला.

"मग आता 'टेक' कोणी म्हणायचं?" मुकादमाने विचारलं.

"तिने," मापाडी म्हणाला. "आज तिनेच ठरवलं की."

"मी कशी म्हणू?" सून म्हणाली. "मला फक्त माझ्या बाजूचे दोन दिसतात. मागच्या दोघांच्या डोक्यावर उजेड आहे का, ते कोण बघणार? अंगठा गेला, डोळे आहेत ना तुमचे?"

मुकादमाने थोडा विचार करून तसंच करायचं ठरवलं. भोकं मोजायला वेल्डर, कारण चुका त्याच्या त्यालाच आधी दिसतात. आणि उजेड बघायला मापाडी. वेल्डरने कुरकुर केली, पण शेड वाचली होती, त्यामुळे कुरकुर बेताचीच होती.

त्या संध्याकाळी बसमध्ये मधली सीट रिकामी नव्हती, कारण गर्दी होती. घरी बायकोने काही विचारलं नाही. बातमी तिच्याकडे बसच्या आधी पोचली होती. तिने नुसती डॉक्टरची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली, दोन दिवसांनंतरची वेळ लिहिलेली. चिठ्ठी तीन आठवडे जुनी होती. तेवढ्या दिवसांत तिने दोनदा वेळ बदलून घेतली होती. दोन दिवसांनी तपासून डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबलीय, झोपताना पट्टा बांधा, थोडं सुधारेल, पण पूर्वीसारखं होईल असं धरून चालू नका. मापाडी म्हणाला, धरायलाच तर जमत नाहीये. डॉक्टर हसले नाहीत. बायको हसली.

आता रोज हे दृश्य बघायला मिळतं. अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ थप्पीमागे गोणपाट अंथरून गुडघ्यांवर बसतो, एक डोळा मिटतो आणि वर बघून ओरडतो, "उजवा टेकला. डावीकडे दोऱ्याएवढा उजेड!" सून पॅलेट पुन्हा वर उचलते. वेल्डर शिव्या घालत खिट्टी बदलतो. मग पुन्हा तेच. वेळ पूर्वीपेक्षा दुप्पट लागतो, आणि खोकी चिकटवणारी बाई म्हणते, हे तिघं मिळून एक पॅलेट ठेवतात की लग्न जमवतात?

परवा काम संपल्यावर मापाड्याला उठता येईना. गुडघे धरले होते. सून गाडी फिरवून शेजारी आली.

"मामंजी, हात देऊ?"

"हात नको. गाडीचे ते पुढचे दोन दात जमिनीला टेकव आणि गाडी बंद कर. धरून उठतो."

"मुकादम बघतायत."

"बघू दे," मापाडी म्हणाला, आणि बंद गाडीचा दात धरून सावकाश उभा राहिला. उभा राहिल्यावर त्याने डाव्या हाताने गोणपाट झटकलं आणि पुढच्या थप्पीकडे चालायला लागला.