भाऊच्या काखेतली गाठ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर 'सर, बसा' म्हणाला असता, आणि मला स्वतःची आणखी किळस आली असती.

माझा मोठा भाऊ वरूडला संत्र्यांच्या पेट्या भरायचा. मी अमरावतीच्या कॉलेजात शिकवतो. तो घरी आला की सोफ्यावर पाय घेऊन बसायचा, मोठ्याने बोलायचा. मला लाज वाटायची. कशाची? मीही त्याच अंगणात वाढलो होतो ना?

तीन वर्षांपूर्वी तो काखेत गाठ घेऊन आला. थकवा, अधूनमधून ताप. मी त्याला दवाखान्यात नेलं. तो रक्त द्यायला आत गेला तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, गाठ काढून तपासावी लागेल, टाळू नका. म्हणजे — आठ-दहा दिवस माझ्याकडे मुक्काम. आणि त्याच आठवड्यात आमची वास्तुशांती. प्राचार्य जेवायला येणार होते.

"काय म्हने डॉक्टर?" त्यानं बाहेर येऊन विचारलं.

"साधी गाठ आहे. काही करायची गरज नाही."

डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी मी खिशात घातली. तो निर्धास्त एसटीत बसला. एवढ्याशा कारणासाठी? हो, एवढ्याशाच.

दोन वर्षांनी त्याचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागायला लागली. त्याच्या मुलीनं त्याला आपल्याकडे, अकोल्याला नेलं. मीही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं — गाठींच्या आजारामुळे अमायलॉइड नावाचं प्रथिन अंगात साचत गेलं, हृदयातसुद्धा. हृदय कडक झालंय. मग विचारलं, गाठ आधी कुणाला दाखवली नव्हती?

मी म्हणालो, "मी किती सांगितलं, तपासून घे म्हणून. हा ऐकेल तर ना."

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं — मला ते दिसलं. मग तो डॉक्टरांना म्हणाला, "हो साहेब. मलेच आपरेशनचं भेव वाटलं. यानं लय सांगतलं मले."

चार महिन्यांनी तो गेला.

तेराव्याला त्याची मुलगी पाहुण्यांना सांगत होती, काकांचं ऐकलं असतं तर बाबा आज असते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे बेटा. स्वभावच होता त्याचा."