गार्ड उतरतो की नाही

आमच्या मराठी लायब्ररीनं लेखकांचं शिबिर ठेवलं तेव्हा मी नाव दिलं. या वयात लेखक व्हायची हौस नव्हती. शिकवायला बाहेरगावाहून दोन लेखक येणार होते, त्यातल्या एकाला मला एक प्रश्न विचारायचा होता, आणि नाव दिल्याशिवाय आत सोडत नव्हते.

प्रश्न माझ्या बायकोचा होता. तिला नर्मदेच्या ग्वारीघाटावर पोचवून आता दोन वर्षं होतील. हा लेखक कधी जबलपूरला आला तर विचारायचंच, असं ती जन्मभर म्हणत राहिली. तो आला तेव्हा ती नाही. मग कोण विचारणार? मीच.

माझं शिक्षण चौथी. उमर सगळी फॅक्टरीत लेथवर गेली. दुकानाच्या पाट्या वाचतो, विजेचं बिल वाचतो, पेपरचं पहिलं पान वाचतो. पण पुस्तकातली ओळ शेवटाला येईपर्यंत तिची सुरुवात माझ्या डोक्यातून निघून जाते. म्हणून आमच्या घरी पुस्तकं ती वाचायची आणि मी ऐकायचो. ड्युटीवरून आलो, आंघोळ झाली, की क्वार्टरच्या अंगणात खाटेवर मी पडायचो. ती उंबऱ्यावर बसून लायब्ररीतलं पुस्तक काढायची. शेजारचे लोक पत्ते खेळायला हाका मारायचे. मी म्हणायचो, आज जमत नाही, मास्तरीण शिकवून राहिली.

तिची एक रीत होती. पुस्तक संपत आलं की ती चष्मा काढायची, पुस्तक मांडीवर पालथं घालायची आणि शेवट तोंडानं सांगायची. मी एकदा विचारलं, "काहून? वाचत काहून नाही?"

"शेवट पाहून वाचला तर त्यातला जीव जातो," म्हणे. "आधी वाचून ठेवायचा, मग सांगायचा."

तिचे वडील मास्तर, अमरावतीकडचे. मला वाटलं, शिकलेल्या घरात असंच करत असतील. सवाष्णीनं कुंकू कसं लावायचं ते तिला विचारलं नाही, तसं हेही पुन्हा विचारलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या साली मात्र आमचं एका पुस्तकावरून जोरात वाजलं होतं. त्यात एक शाळामास्तर शेवटी खोकून खोकून मरतो. मी बसल्या जागी भडकलो. म्हटलं, दिवसभर लोखंडाशी डोकं लावायचं आणि घरी येऊन लोकांच्या मयती ऐकायच्या? महिनाभर मी पुस्तक ऐकलं नाही, पत्ते खेळायला गेलो. त्यानंतर तिनं आणलेल्या पुस्तकांत कोणी मेलं नाही. मला वाटलं, ती आता चांगली चांगली निवडून आणते.

तर या लेखकाची कादंबरी. एका जंक्शनवर एक विधवा बाई खानावळ चालवते. मालगाडीचा एक गार्ड तिच्याकडे वर्षानुवर्षं जेवतो. ताट समोर आलं की मान खाली, जेवण झालं की हात धुऊन चालता. मनातलं बोलतच नाही. मग त्याची बदली होते. शेवटच्या दिवशी गाडी हलते, तो डब्यात उभा, हातात हिरवी झेंडी, आणि ती बाई फाटकाशी. आणि हा माणूस चालत्या गाडीतून उडी मारतो. झेंडी हातात तशीच. येऊन खानावळीत बसतो आणि म्हणतो, वाढा.

असं तिनं चष्मा काढून सांगितलं होतं. मी त्या संध्याकाळी दोनदा ऐकलं.

पण लगेच आमचं भांडणही सुरू झालं. मी म्हटलं, गार्ड गाडी सोडून उतरला म्हणजे नोकरी गेली. चार्जशीट, सस्पेन्शन, पेन्शन बंद. मग ही दोघं खाणार काय? ती म्हणे, खानावळ आहे ना, तो तिला हातभार लावेल, पोळ्या लाटेल. मी म्हटलं, गार्डाला पोळ्या लाटता येत नसतात. ती म्हणे, तुम्हाला येत नाहीत म्हणून कोणालाच येत नाहीत का हो? हे भांडण आमच्याकडे सणासुदीला निघायचं, पाहुणे आले की निघायचं. पुढे ती आजारी होती तेव्हाही निघालं. अंथरुणातून म्हणाली, "तो लेखक भेटला की विचारा. तो म्हणेल, लाटतो." मी म्हटलं, विचारीन. लेखकानं लिहिलंय तर त्याला माहीत असेलच ना, पुढे काय झालं ते.

तर मी गेलो. नातीनं स्कूटीवर नेलं. बडा फुहाऱ्याच्या चौकात गाड्या अशा अडकल्या की पायी लवकर पोचलो असतो, पण तिला सांगून उपयोग नाही. "आजोबा, पकड के बैठो बस," एवढंच तिचं. तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच निघते.

दारातच एका पोरीनं माझ्या सदऱ्याला बिल्ला लावला. त्यावर छापलं होतं, नवोदित लेखक. मी म्हटलं, बाई, ऐंशीला टेकलो, आता कुठं उदय होऊन राहिला माझा? ती हसली आणि पुढच्याला बिल्ला लावू लागली. कोणाला ऐकायचं नव्हतंच.

सकाळी एका कवयित्री बाईंचा तास. मला वाटलं कविता म्हणतील. म्हणाल्या, डोळे मिटा आणि बालपणीचा एक वास आठवा. सगळ्यांनी मिटले. मी उघडे ठेवले, तर माझ्याकडेच आल्या.

"आजोबा, तुम्हाला कोणता वास आठवला?"

"गोठ्याचा."

"सुंदर. आता आणखी खोल जा."

गोठ्यात आणखी खोल गेलं की काय असतं ते गाईम्हशी पाळलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. मी गप्प बसलो. बाईंना वाटलं मी गहिवरलो. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, थांबू नका, रडू आलं तर येऊ द्या. मला रडू नाही, राग आला होता. तो येऊ दिला असता तर शिबिर तिथंच संपलं असतं.

मग माझा कादंबरीवाला लेखक आला. खादीचा सदरा, पांढरी दाढी, आवाज गोड. तासभर बोलला. पात्रांना मोकळं सोडा म्हणे, त्यांना त्यांच्या मनानं चालू द्या. मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे गार्ड आपल्या मनानंच उतरला. मी हात वर केला. एक गृहस्थ धावत आले, म्हणाले, काका, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे. मी लिहिलं. चिठ्ठ्या डब्यात गेल्या. डब्यातून पहिली निघाली ती, मोबाईलवर लिहावं की कागदावर? यावर तो लेखक इतका बोलला की जेवायची वेळ झाली. बाकीचा डबा तसाच उचलून नेला.

जेवताना त्याच्याभोवती बायाबापड्यांचा घोळका. फोटो, सही, परत फोटो. मी ताट हातात घेऊन उभा. शेवटी तो हात धुवायला बेसिनपाशी गेला तेव्हा मी मागून गेलो आणि दाराशी उभा राहिलो. आता जाशील कुठं?

"साहेब, एक विचारायचं आहे."

"बोला ना काका."

"तुमच्या त्या खानावळीच्या कादंबरीतला गार्ड. त्याला रेल्वेनं नोकरीवरून काढलं का?"

तो हात पुसता पुसता थांबला. "काढलं? का काढतील?"

"गाडी सोडून उतरला ना तो."

"तो उतरत नाही, काका."

मी म्हटलं, "उतरतो. चालत्या गाडीतून. झेंडी घेऊन उतरतो आणि येऊन वाढा म्हणतो."

तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला. "तुमची काहीतरी गल्लत होतेय. गाडी निघून जाते. ती बाई परत येते, त्याचं ताट घासते आणि पालथं घालून ठेवते. तिथंच कादंबरी संपते."

"तुम्ही विसरले असाल. लिहून लय वर्षं झाली."

"अहो, मी लिहिलंय ते."

"आणि आम्ही ऐकलंय ते. एकदा नाही."

आता लोक जमले. कोणी म्हणालं, काकांना बसवा. कोणी पाणी आणलं. मला पाणी नको होतं. मी लायब्ररीच्या बाईंना हाक मारली. त्या बाई माझ्या बायकोला चांगल्या ओळखायच्या, पुस्तकं त्यांच्याच हातून यायची. म्हटलं, दीदी, ते पुस्तक कपाटात असेल तर काढा, आज निकाल लागू द्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, राहू द्या ना." मी म्हटलं, काढा.

तेच पुस्तक होतं. तोच हिरवा पुठ्ठा, कोपऱ्यावर आमच्या घरच्या हळदीचा डाग. बाईंनी शेवटचं पान उघडलं आणि हळू आवाजात वाचलं. गाडी गेली. बाई परतली. ताट घासलं. ताट पालथं घातलं. संपलं.

मी पुस्तक हातात घेऊन स्वतः पाहिलं. माझं वाचन हळू आहे पण डोळे शाबूत आहेत. उडी नव्हती. झेंडी होती, ती गाडीबरोबर गेली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मला त्या पाहण्याचाच जास्त राग आला. तो लेखक म्हणाला, "तुम्हाला कोणी वाचून दाखवलं होतं?"

"माझ्या मिसेसनं. ती शेवट चष्मा काढून सांगायची."

हे मी रुबाबात सांगितलं. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मग मला ते ऐकू आले.

लेखकानं खिशातून पेन काढला. अगदी अदबीनं म्हणाला, "त्यांनी कसा सांगितला शेवट? नीट सगळा सांगाल मला? मला लिहून घ्यायचाय."

"नाही," मी म्हटलं. "तुमचा तुमच्याकडे ठेवा."

"मग तुम्ही लिहा. नाहीतरी शिबिरात आलाच आहात. उद्या सगळ्यांना शेवटच लिहायला देणार आहे."

म्हणजे बघा. प्रश्न घेऊन गेलो आणि वर घरचा अभ्यास घेऊन आलो.

संध्याकाळी नातीला सांगितलं. म्हटलं, तुझ्या आजीनं मला फसवलं. तर ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणते, "हाँ तो, चष्मा उतारके जो सुनाती थी वो तो उनका खुद का होता था."

"तुला माहीत होतं?"

"सबको पता था, आजोबा. मम्मी को भी." मग जरा वेळानं मान वर केली आणि मराठीत म्हणाली, "तुम्हाला आवडायचं ना, म्हणून कोणी बोललं नाही."

म्हणजे घरात हे माहीत नसलेला मी एकटाच होतो. जेवलो नाही. भूक होती, पण जेवलो नाही. खाटेवर पडून एकेक पुस्तक आठवू लागलो. त्या तेल विकणाऱ्याचा पोरगा दंगलीतून घरी आला होता, तो खरंच आला होता का? सुनेनं सासूला परत बोलावलं होतं, ते कोणी बोलावलं होतं, लेखकानं की हिनं? इतक्या वर्षांत माझ्या अंगणात एक माणूस मेला नाही, आणि मला वाटत राहिलं की लेखक लोक सुधारले. आता लायब्ररीत जाऊन एकेकाची चौकशी करता येईल. करणार नाही. जे आले ते आले.

राग याचा की भांडायला ती नाही. सणासुदीला भांडलो, अंथरुणाशी भांडलो, गार्डाची नोकरी गेली की राहिली यावर इतका घसा कोरडा केला, आणि तिला सुरुवातीपासून माहीत की गार्ड गाडीतच आहे. माझ्याशी तेवढ्याच जोरानं भांडायची. एकदाही हसली नाही. वरून लेखकाला विचारा म्हणाली. म्हणजे हे मला कळावं असं तिला वाटत होतं की काय, तेही आता मी कोणाला विचारू?

दुसऱ्या दिवशी जाणार नव्हतो. पण फॅक्टरीत मी कधी अर्धी ड्युटी करून घरी आलो नाही, म्हणून गेलो. लेखकानं कागद वाटले, म्हणाला, एक शेवट लिहा. लोक खिडकीबाहेर पाहू लागले. तिच्यासारखा मी चष्मा काढून पाहिला. काढला तर कागदच दिसत नाही. परत लावला.

तिचं सगळं मी जसंच्या तसं लिहिलं, गाडी, झेंडी, उडी, वाढा. हात दुखला. इतकं मी कधी लिहिलं नव्हतं. तिथं थांबता आलं असतं. पण मला तो प्रश्न होताच, आणि आता उत्तर लेखकाकडेही नव्हतं, त्याचा गार्ड तर निघून गेला. हा गार्ड आमचा. म्हणून पुढचं मी ठरवलं. नोकरी गेली, असं लिहिलं. पेन्शन बंद, असंही लिहिलं. त्यात मी सोडणार नाही. मग गार्ड कणीक भिजवायला शिकला, असं लिहिलं.

लाटायला मी त्याला बसवलं नाही. कणकेपुरतं तिचं ऐकलं, पुरे झालं.