बाबांची टेस्ट आणि माझी तयारी

आमच्या घराण्यात पदवी आणणारा पहिला माणूस मी, त्यामुळे गिझर बिघडला तरी मलाच विचारतात. बाबांचा मेडिक्लेम काढायचंही मीच ठरवलं. साठी उलटली, शुगर बॉर्डरवर. उद्या काही झालं तर? माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती.

पहिला एजंट अंबरनाथचा. त्याने आल्या आल्या बाबांकडे बघून विचारलं, "यांच्यामागे घरात कोण कोण?" आयने त्याला चहासुद्धा न देता बाहेर काढलं. दुसरा बदलापूरचा, आयच्या माहेरचा. तो फक्त जेवायच्या वेळेला यायचा. शेवटी कॅम्प तीनच्या सिंधी बाजारात मोहन अंकल सापडले. त्यांच्या ऑफिसखाली जीन्सचा कारखाना. मशिनींच्या खडखडाटात आजार ओरडून सांगावे लागतात.

"शुगर है क्या?"

"बॉर्डरवर!" मी ओरडलो. खालच्या दोन मशिनी थांबल्या!

"लिख दिया. साईं, खरं सांगितलं ना, मग टेन्शन नाही. पॉलिसी तुमची-बाबूजींची एकत्र आहे, कंपनी दोघांची ब्लड टेस्ट करेल."

मला फक्त 'टेस्ट' ऐकू आलं. टेस्ट! आणि माझे बाबा नापास? मी बी.कॉम. आहे! (सेकंड क्लास. पण एकाच दमात.)

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू. पहाटे बाबांना उठवून पालेगावच्या नव्या टॉवरांभोवती पळवायला लागलो. वॉचमनने हटकलं, "भाऊ, काका काही उचलून पळतायत काय?"

"मना काय झालंय म्हणून पलवतोस रं?" बाबा धापा टाकत म्हणाले.

"बाबा, टेस्ट जवळ आलीय!"

मोहन अंकलना मी तासातासाला फोन करत होतो. कारल्याचा रस किती द्यायचा? भात एकदम बंद करू?

"अरे बाबा, ये एक्झाम नहीं है! नॉर्मल रहो!"

(नॉर्मल राहून कोणी पास झालंय?)

त्यात लग्नसराई. गावात रोज कुणाचं तरी लग्न, आणि रोज आमच्या दारात बुंदीच्या लाडवांचा पुडा. बाबांची नजर पुड्यावर, माझी बाबांवर.

"एक तरी दे."

"अजिबात नाही!"

"मंग फेकून दे. डोल्यासमोर नको."

"लग्नाचा लाडू फेकतंत का रं?" आय कडाडली. "नव्या पोरीच्या संसाराला लागंल!"

आता ठेवायचे नाहीत, फेकायचे नाहीत, बाबांना द्यायचे नाहीत. उरलो मी! बाबांसाठी उभ्या-उभ्या, दाराआड, प्रत्येक पुडा मीच संपवला. टेन्शनमध्ये चव कळत नव्हती, म्हणून आणखी एक खाऊन बघायचो.

टेस्टवाली मुलगी आली. बाबांनी ऐटीत हात पुढे केला. माझ्या हाताला एवढा घाम, की तिने विचारलं, "दादा, तुम्ही आधी बसता का?" दोघांचंही रक्त घेऊन ती गेली.

मग एके दुपारी मोहन अंकलचा फोन.

"साईं, मुबारक! बाबूजी एकदम फिट. पॉलिसी मिळेल."

मी टुणकन उडी मारली. "आय, बाबा पास!"

"पूरा तो सुनो," अंकल म्हणाले. "तुमची शुगर बॉर्डरच्या पुढे गेलीय. कंपनी तुमचं नाव आता घेत नाही. तीन महिन्यांनी परत टेस्ट करू."

मी फोन ठेवून घरात सगळं सांगितलं. संध्याकाळी बाहेर आलो. अंगणात बाबा शेजाऱ्यांना पेढे वाटत होते आणि मोठ्या मायेने सांगत होते, "माझा पेपर सुटला. पोराचा राहिला. पण पोरगा हुशार हाय, पुढल्या टायमाला सुटंल!"