यादीतली एकेचाळीस माणसं

गावातली माणसं मोजायचं काम शाळेतल्या बाईंच्या गळ्यात पडलं, कारण बाईंना कोणी दारातून परत पाठवत नाही. गाव ते केवढंसं! पण मोजायला निघालं की कळतं, निम्म्या घरांना कुलूप आणि उरलेल्यांत नुसती म्हातारी माणसं; तरुण पोरं केव्हाच शहरात गेलेली. नियम सोपा होता. गेले सहा महिने जो गावात राहिलाय, त्यालाच धरायचं. पण एखाद्या आईला विचारावं, "मुलगा इथेच असतो ना?" तर ती म्हणणार, "असतो की, लिहा ना बाई." आता तिच्याशी काय हुज्जत घालायची? एकीचा लिहिला, मग दुसरीला नाही कसं म्हणायचं? असे एकेचाळीस जण झाले. वय, शिक्षण, महिन्याची कमाई, सगळं आया सांगतील तसं. कमाई तर अशी सांगितली की कागदावर गाव पार श्रीमंत होऊन बसलं.

मग वरून पत्र आलं. या गावात तरुण फार दिसताहेत, तपासनीस घरोघरी येऊन खात्री करील. खोटी नोंद सापडली तर नोकरी जाईल, हेही स्वच्छ लिहिलेलं.

बाई वर्गात आठाचा पाढा म्हणताना मध्येच अडकल्या आणि पोरं फिदीफिदी हसली. नवऱ्याला सांगावं, तर जीभ रेटेना. मोजणी त्यांनी आपल्याच घरापासून सुरू केली होती, आणि एकेचाळिसांतला पहिला त्यांचा स्वतःचा मुलगा होता.

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. मुलखाचा सरळ माणूस, केसभर फरक असला तरी काटा पुन्हा खोलणारा. चार वर्षांपूर्वी दुकानातल्या कमाईवरून बापलेकांचं वाजलं आणि पोरगा गेला तो गेलाच. ना फोन, ना पत्र. तेव्हापासून बापाने त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नवऱ्याच्या पाठीमागे मुलाचं नाव लिहिलंय, हे त्याला कळलं तर काय होईल, याचीच बाईंना धास्ती होती.

तपासनीस सकाळीच आला. घाम पुसत बसला आणि यादी उघडली. बाईंना काही विचारायचं नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारायचं, अशी त्याची पद्धत होती.

"घरात किती जण राहता?"

नवऱ्याने कागदावरचं मुलाचं नाव वाचलं. मग बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तिघं," तो म्हणाला.

"मुलगा काय करतो?"

"माझ्याच दुकानात असतो. हात चांगला आहे त्याचा. बारीक काटे आता तोच बघतो, मला दिसत नाहीत."

"कमाई?"

"निम्मी त्याची. मागावी लागत नाही त्याला, मीच देतो."

"आत्ता कुठे आहे?"

"येईल जेवायला." असं म्हणून त्याने दाराकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला.

आता मात्र बाईंना जी भीती वाटली, तिच्यापुढे नोकरीची भीती काहीच नव्हती. आपल्याला वाचवायला म्हणून सुरू झालेलं बोलणं कुठे जाऊन पोचलं होतं! हा माणूस खरोखर वाट बघत होता. त्यांनी तपासनिसाच्या हातातलं पेन घेतलं. मुलाच्या नावावर रेघ मारली.

"आम्ही दोघंच राहतो, साहेब," त्या म्हणाल्या. "अशी आणखी चाळीस नावं आहेत. चला, घरं दाखवते. फक्त तिथे खोडायचं काम तुम्ही करा."

तपासनीस उठला. तो उंबऱ्यापाशी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, "साहेब, तो परत आला तर कुठे कळवायचं?"

"पुढच्या मोजणीला लिहितील," तपासनीस म्हणाला. "दहा वर्षांनी."

नवऱ्याने मनातल्या मनात हिशेब केला.

"तेव्हा मी त्र्याहत्तरचा असेन," तो म्हणाला.